मोज्यातला पाय

साहेबांनी पाय पुढं केला. मोज्यासकट. नजर मोबाईलवर.

साहेब म्हणजे आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या वाढदिवशी सगळे मास्तर चपला दाराबाहेर काढून सेवाज्येष्ठतेनं रांगेत उभे राहतात आणि पायावर डोकं ठेवतात. माझ्या पुढं मुख्याध्यापक होते. वाकले, गुडघा धरला, उठता येईना.

"गुरुजी, तिथंच मुक्काम करता का?" साहेब म्हणाले.

लोक हसले. मीही हसलो. मग वाकलो.

मी इंग्रजी शिकवतो. जुन्या जालन्यात रद्दीतून घेतलेल्या शब्दकोशात नंतर एक क्रियापद सापडलं. काउटाउ. मूळ चिनी. बादशहापुढं तीनदा गुडघे टेकायचे, नऊदा कपाळ. इंग्रजांनी शब्द उचलला, कपाळ सोडून दिलं. त्यांच्यात आता अर्थ उरलाय नुसती लाळघोटी. चीनचा दरबारही उठला. आमच्याकडं, वडीगोद्रीच्या अलीकडं, मात्र क्रियापद मूळ अर्थानं चालू आहे.

पुढच्या वर्षी साहेबांना मानपत्र इंग्रजीत हवं होतं. काम माझ्याकडं आलं. मी लिहिलं, आमचा समस्त शिक्षकवर्ग आपणापुढं काउटाउ करतो. वाचलं गेलं. टाळ्या पडल्या. साहेबांनी ते चौकटीत बसवलं.

घरी बायकोला सांगितलं, पराक्रम केल्यासारखं.

"त्याला कळलं का?"

"न्हाई."

"मंग तुम्ही कुणाला बोलले? वाकले तर असतालच की."

वाकलो होतो. मानपत्र हातात देऊन वरून वाकलोही होतो. त्या दिवशी पहिल्यांदा कंटाळा आला. साहेबांचा नव्हे, माझ्या हुशारीचा.

यंदा रांगेत चपला घालून उभा राहिलो. पाय पुढं आला. मी हात जोडले. पाठ सरळ.

पाय अधांतरी राहिला. साहेबांनी मान वर केली. "कंबर धरली का सर?"

"न्हाई साहेब. कंबर बराबर हाय. वाकणार न्हाई."

कुणी हसलं नाही. माझ्या मागचे सर मुकाट पुढं झाले आणि वाकले.

पंधरा दिवसांत बदली आली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, टेंभुर्णीच्या पलीकडची शाखा. तीन एसटी बदलाव्या लागतात, अंग मोडून येतं. इथं भिंतीवर साहेबांचा फोटो आहे, छातीपर्यंतच. पाय नाहीत, तरी वाढदिवसाला त्याच्यापुढं रांग लागते म्हणे.

लागू दे. मी चपला घालून उभा राहणार. आणि यापुढं जे बोलायचं ते साहेबांना कळेल अशा मराठीत.