एकशे सत्तावीसची ओळ

भर मे महिन्यात ‘आज ऊन किती आहे?’ असं विचारल्यावर खिडकीबाहेर न बघता टेबलाखाली बघणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू आहे. टेबलाखाली त्यांचा कॉम्प्युटर असतो. बाकीचं नागपूर उन्हाळ्यात स्वतःला जपतं, कानाला दुपट्टा बांधतं, पन्हं पितं. आमचे साडूभाऊ कॉम्प्युटरला जपतात. त्यांच्याकडे गेलं की पाण्याच्या आधी आकडे मिळतात. “या, या. प्रोसेसर चव्वेचाळीस, बोर्ड एकोणचाळीस, डिस्क सदतीस. बसा. पंखा झकास फिरून राहिला.” हा पंखा छतावरचा नव्हे, डब्यातला. छतावरचा गेले दोन उन्हाळे बंद पडलाय आणि त्याची खंत घरात फक्त माझ्या मेव्हणीला आहे.

याचं मूळ बुटीबोरीत आहे. तिथल्या एका कापड गिरणीत साडूभाऊंनी सगळी नोकरी बॉयलरच्या खोलीत काढली. दर तासाला काट्यांवरचे आकडे रजिस्टरात उतरवायचे, शेऱ्याच्या रकान्यात शेरा मारायचा, सही करायची, आणि शिफ्ट संपली की ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ म्हणून दोघांनी सह्या ठोकायच्या. रिटायर झाले, बॉयलर सुटला, पण तास काही सुटेना. त्यांची एकुलती एक मुलगी मनू इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. तिने सुटे भाग आणून बापाला शेजारी बसवून घरीच कॉम्प्युटर जोडला आणि आतलं टेम्परेचर दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यात टाकून दिलं. बिचारीला वाटलं, बाबांचा वेळ जाईल. वेळ गेला, घरातल्या सगळ्यांचाच गेला. दुसऱ्या दिवशी आखीव रजिस्टर आलं. भाजी आणायला जायचं तरी साडूभाऊ बायकोला रीतसर चार्ज देऊन जात. तिने एकदा प्रोसेसरच्या रकान्यात ‘बरा आहे’ एवढंच लिहून ठेवलं, तर दोन दिवस अबोला. “माह्या बीपीची वही आहे का या घरात?” मेव्हणी मला म्हणाली. “नाही. या डब्ब्याची आहे. अन् तिसरी सुरू आहे!”

गिरणीत एक नियम होता, एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. म्हणून त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर घातलं. ते पहिल्यापेक्षा तीन अंश जास्त सांगू लागलं. आता खरं कोण, हे ठरवायला बहुमत हवं, म्हणून तिसरं घातलं, तर ते दोघांनाही खोटं पाडून पाच अंश कमी दाखवायला लागलं! साडूभाऊ तीन खिडक्यांसमोर कपाळाला हात लावून बसले. तीन-तीन सॉफ्टवेअर एकदम चालताहेत म्हणूनच प्रोसेसर तापत असेल, असं मी सहज बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की माझ्या लग्नापासून तसं कुणी पाहिलं नव्हतं. मग रजिस्टरात माझ्या नावानिशी नोंद केली, आणि तिन्ही सॉफ्टवेअर तशीच चालू ठेवली.

कांद्याचं प्रकरण त्याच उन्हाळ्यातलं. आमच्याकडे झळ लागू नये म्हणून बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात. एक दिवस बघतो तर कॉम्प्युटरच्या डब्यावर चांगला गोल, लाल कांदा. “हे काय, भाऊ?” “काही नाही गा. ठेवला.” “पण कॉम्प्युटरला झळ लागते का?” ते जरा ओशाळले आणि म्हणाले, “तुले तरी कुठं लागते? पण तू बी ठेवतेच ना खिशात?” माझा हात आपोआप खिशावर गेला. कांदा होता.

आणि मग ती ओळ उगवली. तिसऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत सगळ्यात खाली एक बिननावाची ओळ होती. तिथला आकडा कधी साठ, कधी नव्वद, मनाला येईल तसा हिंडत असे. साडूभाऊंनी डबा उघडला, प्रत्येक भागाला तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा हात लावून पाहिला. सगळं थंडगार. कूलर ओढून डब्यासमोर आणला. तो थेट पाणी उडवायला लागला तेव्हा मनू धावत आली. “बाबा, काय करून राहिले तुमी? ती ओळ बोर्डावरच्या ज्या पिनेची आहे, तिच्यावर काही जोडलंच नाही! मोकळी पिन आहे ती. काही नसलं की मशीन असाच काहीतरी आकडा दाखवते. लपवून टाका ती ओळ.”

साडूभाऊंचा चेहरा एकदम बदलला. गिरणीत एकदा साहेब म्हणाले होते, काटा बिघडलाय, लक्ष देऊ नका. तासाभरात वाफेचा पाइप फुटला होता. साडूभाऊंनी साहेबाचं न ऐकता माणसं आधीच बाहेर काढली होती, म्हणून सगळे वाचले. “काट्याले खोटं म्हणायचं नाही, मनू,” ते म्हणाले. “आपल्याले समजत नसंन, तो भाग अलग.” ओळ राहिली. एक कांदा वाढला.

अशात मनूचा ऑनलाइन इंटरव्ह्यू आला. बंगलोरची कंपनी, दोन वर्षं जिची वाट पाहिली ती नोकरी, आणि स्वतः बनवलेलं डिझाइन दाखवायचं म्हणून हाच कॉम्प्युटर लागणार. वेळ दुपारी बाराची. मनूने रात्रंदिवस तयारी केली होती, जेवण सोडलं होतं, आणि घरात सगळ्यांना धास्ती एकाच माणसाची. मेव्हणीने मला मुद्दाम बोलावून घेतलं. “भाऊजी, तुमाले एकच काम. यायले त्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. मी देवापाशी बसते.” मी म्हणालो, ताई, निश्चिंत राहा. साडूभाऊ माझ्यासमोर मांडीवर रजिस्टर घेऊन मुकाट बसले. त्यांनी मला दोन ग्लास पन्हं पाजलं, कूलर माझ्याकडे वळवला, आणि मी, मी एक नालायक माणूस, पाऊण वाजता घोरायला लागलो.

एक वाजला. तासाची नोंद! पुढचं मला मागाहून कळलं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून साडूभाऊ चार पायांवर रांगत खोलीत शिरले, कानावरच्या पेन्सिलीसकट. टेबलाच्या कडेवरून त्यांनी फक्त डोळे वर काढले. पडद्याच्या कोपऱ्यात ती ओळ लाल झाली होती. एकशे सत्तावीस! पाणीसुद्धा शंभरावर उकळतं. समोर पोटची पोर बसलेली, पायाशी एकशे सत्तावीस अंशाचा डबा. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. भिंतीवरचं बटण दाबून टाकलं.

“बाबाऽऽ!”

त्या हाकेने मी जागा झालो, मेव्हणी देवघरातून उठली, आणि आम्ही दाराशी पोचलो तेव्हा साडूभाऊ अजून चार पायांवरच होते. मनूच्या डोळ्यांत पाणी. “दोन वर्षं, बाबा. दोन वर्षं!” एवढंच म्हणाली. मग तिने डोळे पुसले, मोबाइलवरून पुन्हा जोडणी केली आणि आम्हा तिघांच्या तोंडावर दार लावून घेतलं. दाराला कान लावून आम्ही ऐकत होतो. काय झालं, असं पलीकडच्या साहेबाने विचारलं. मग तिने सगळं खरं सांगितलं. मोकळी पिन, तीन सॉफ्टवेअर, बॉयलर, रजिस्टर, कांदा. आणि मोकळ्या पिनेवर आकडा का येतो, तो कसा ओळखायचा, तीन सॉफ्टवेअर एकाच वेळी एकाच सेन्सरला विचारत बसली की कसा गोंधळ होतो, हे तिने असं समजावलं की इंग्रजी अर्धंच कळूनही मला पटलं. पलीकडून आधी एक जण हसला, मग सगळेच. साडूभाऊंनी माझा दंड घट्ट धरला होता.

आठ दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. साडूभाऊ गल्लीभर पेढे वाटत फिरले. “मी बटन दाबलं म्हणून लागली! नाहीतर त्यायले तिची हुशारी दिसलीच नसती!” मेव्हणीने त्यांच्याकडे बघून हात जोडले, देवाला जोडतात तसेच. चौकातल्या चहावाल्याने विचारलं, “मंग कवा चालली पोरगी?” तेव्हा साडूभाऊंचा हात पेढ्यांच्या डब्यातच राहिला. बंगलोर हे नागपुरात नाही, ही गोष्ट बहुधा त्यांच्या ध्यानात तेव्हाच आली. घरी आले, एक पेढा कांद्याशेजारी ठेवला आणि तास भरला नसताना एक नोंद करून बसले.

मनू गेली त्याला आता चार महिने झाले. परवा सकाळी सहज त्यांच्याकडे गेलो. मेव्हणी म्हणाली, “थांबा, फोन सुरू आहे.” साडूभाऊ रजिस्टर उघडून फोनवर वाचत होते. “प्रोसेसर बेचाळीस. बोर्ड अडतीस. डिस्क छत्तीस.” मग थांबले. पलीकडून मनूचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “अन् तो?”

“एकशे सत्तावीस. तू गेली तवापासून तिथंच आहे.”

“अजून लपवली नाही ती ओळ?”

“नाही वं. राहू दे.”

“बरं बाबा,” ती म्हणाली, आणि आकडे संपले तरी दोघंही फोन धरून बसले. या माणसाने जन्मात कधी कुणाला ‘तुझी आठवण येते’ असं म्हटलेलं नाही. आकडे वाचून दाखवणं एवढंच त्याला येतं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

फोन ठेवल्यावर मी चिडवायचं म्हणून म्हटलं, “भाऊ, आता तर पटलं ना? तिथं काही जोडलेलंच नाही.”

“मले मालूम आहे, गा,” साडूभाऊ म्हणाले. त्यांनी शेवटच्या रकान्यात १२७ लिहिलं, खाली सही केली, आणि मनूच्या बंद खोलीच्या दाराकडे बघत राहिले. “तिथं आता काही नाही. पण काटा खोटं नाही सांगत.”