उशीवरून दिसणारी खोली

नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पडदेकाकांची अशी पक्की समजूत झाली होती की घराला भिंती तीनच असतात. चौथीच्या जागी प्रेक्षक. त्यामुळे स्वतःच्या घरातही ते चौथ्या भिंतीकडे पाठ करून कधी जेवले नाहीत. त्या भिंतीला पोपडे आले होते, तरी तिच्याकडे तोंड करून मोठ्या अदबीने घास घ्यायचे. "तिलाही वाढू का थोडं?" काकू विचारायच्या.

जन्मभर काकांनी दुसऱ्यांची घरं उभी केली. चौकटीवर कापड ताणायचं, डब्यात सरस घालून रंग ढवळायचा, आणि संध्याकाळपर्यंत कुणाचा तरी दिवाणखाना तयार. श्रीमंतांचे जिने, गरिबांची स्वयंपाकघरं, भांडखोर जोडप्यांच्या बैठकीच्या खोल्या. प्रत्येक खोलीत एक दार किलकिलं असायचं आणि त्याच्या फटीतून पिवळसर उजेड यायचा. दारापलीकडे काय आहे असं कुणी विचारलं तर काका सांगायचे, "विंग. दोर, बांबू आणि चहा पिणारा राजा."

रंगाला हात लावण्याआधी ते रिकाम्या नाट्यगृहात मधल्या रांगेत जाऊन बसत आणि एक डोळा मिटत. "खोली बघणाऱ्याच्या डोळ्यापासून सुरू होते," हे त्यांचं लाडकं वाक्य. बऱ्याचदा मागोमाग दुसराही डोळा मिटायचा. मग काका अजून न रंगवलेल्या खोल्यांतून तरंगत जायचे, या दारातून त्या दारात, कुणाच्या तरी पडद्यांना वाऱ्याने हलताना बघत. झाडूवाली येऊन खुर्ची हलवेपर्यंत.

एवढे महाल रंगवणाऱ्या माणसाचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली आणि मागे चिंचोळं स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात काकू पाय घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. हाड यथावकाश जुळलं, डॉक्टर म्हणाले, चाला. पण काकूंचा धीर काही जुळेना. पलंगावर पडून त्या पोपड्यांच्या भिंतीकडे बघत राहायच्या.

लेक येऊन बघून गेली. जाताना दारात म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत आई उठली नाही तर मी तिला माझ्याकडे नेणार. कायमची."

"आणि मी?"

"तुम्हीही चला. इथे राहून करणार काय? साधा चहा तरी येतो का तुम्हाला?"

"रंगवता येतो," काका म्हणाले.

लेकीने कपाळावर हात मारला. काका मात्र स्वतःच्याच उत्तराजवळ थबकले. वळून आत आले, चपला काढल्या आणि काकूंना म्हणाले, "जरा सरक."

"अगंबाई! आता या वयात काय?"

"नजर घेतोय." काकूंच्या उशीवर डोकं टेकवून त्यांनी एक डोळा मिटला.

मग त्या भिंतीवर काकूंचं स्वयंपाकघर उगवू लागलं. आधी फरशी आली, पलंगाच्या पायथ्यापासून निघून आत आत निमुळती होत जाणारी. मग फडताळ, शेगडी, किटली. कोपऱ्यात अर्थातच एक किलकिलं दार. सरसाच्या वासात काकूंना दुपारी डुलकी लागायची आणि त्या डुलकीत फरशी पायाला गार लागायची. किटलीची वाफ भिंतीतून निघून छताशी रेंगाळायची. काकू अनवाणी हिंडायच्या, डबे उघडायच्या, झाकायच्या. जाग आली की पाय पुन्हा पांघरुणात.

रविवारी सकाळी काकांनी शेगडीशेजारी कप काढला. काकू ताडकन म्हणाल्या, "अहो, कपाचा कान कुठल्या बाजूला काढलात?"

"उजव्या."

"आणि चहा कोण करणार तिथे?"

"तूच."

"मी डावरी आहे! इतकी वर्षं संसार कुणाशी केलात?"

"नाटकात सगळ्यांचे कप—"

"घाला ते नाटक चुलीत! द्या इकडे तो ब्रश."

काका ब्रश द्यायला विसरले. काकूंनी पलंगाची कड धरली, मग खुर्चीची पाठ, आणि बडबडत भिंतीशी पोचल्या. तिथे मात्र दचकल्या. जवळून सगळंच भलतं दिसत होतं. फडताळ झुकलेलं, फरशी उताराला लागलेली.

"अहो, हे अंगावर येतंय माझ्या!"

"उशीवरून बघ ना, अगदी सरळ आहे."

"म्हणजे जन्मभर मी उशीवरूनच बघायचं?"

ब्रशचा रंग काकांच्या पायावर ठिबकत राहिला. मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि स्वतःच्या हाताने रंगवलेली फरशी पुसायला लागले. फडताळ पुसलं, किटली पुसली, उजव्या कानाचा कपही गेला. दार तेवढं राहू दिलं.

"आता उभी राहा अशीच," ते म्हणाले. "नजर घेतो."

लेक रिकामी बॅग घेऊन आली तेव्हा पलंग रिकामा होता. आई एका हाताने खुर्ची धरून उभी, आणि बाबा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर खडू फासलेली दोरी ताणून एक डोळा मिटलेले.

"आई! तू उभी?"

"शू! मी हलले की खोली हलते म्हणतात. तू चहा टाक."

लेक बॅग तिथेच टाकून आत गेली. काकू मान न हलवता भिंतीकडे बघत होत्या.

"आणि अहो, ते दार जरा नीट उघडा. एवढ्याशा फटीतून मी जाणार कशी?"