मामाच्या टायरवरचं भाषण

कॉलेजात जाणारा मी आमच्या घरातला पहिलाच. प्रवासवर्णन लिहावं एवढा प्रवास काही माझा झालेला नाही. शिरवळ ते सांगली, एवढाच. तरी लिहायला बसलो, याबद्दल वाचकांनी माफ करावं.

विश्रामबागेतल्या एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. माझा विषय, खराब टायर आणि कायदा. माझा मामा वडाप (प्रवासी गोळा करून चालणारी जीप) चालवतो. "भाचा भाषणाला एसटीनं जाणार व्हय?" म्हणत त्यानं त्या दिवशी धंदा बंद ठेवला आणि जीपला हार घातला. मागचा टायर गुळगुळीत झाल्यावर त्यानं तापल्या सुरीनं नव्या खाचा पाडून घेतल्या होत्या. एका खाचेतून तार डोकावत होती. मी ती पाहिली आणि गप्प बसलो.

खंबाटकी घाटात मी भाषण म्हणून दाखवलं. "असुरक्षित टायरवर गाडी चालवली तर दंड, आणि त्यामुळे कुणी जखमी झालं तर तीन महिन्यांपर्यंत कैद!"

मामानं स्टिअरिंग सोडून टाळ्या वाजवल्या. "लय भारी! असल्यांना आतच टाकाय पायजे."

साताऱ्यात त्यानं कंदी पेढ्यांचा पुडा घेतला. जिंकल्यावर वाटायला. मला एकही दिला नाही.

कराडजवळ वाहतूक पोलीस बाईंनी हात केला. वाकून खाचेत बोट घातलं.

"ही नक्षी कारखान्यातली का घरची?"

"आवं मॅडम, भाचा ह्याच्यावरच भाषण द्यायला निघालाय," मामा म्हणाला. "म्हण रं गड्या!"

मी रस्त्याकडेला उभा राहून सगळं भाषण म्हटलं. उसाचा ट्रॅक्टर ऐकायला थांबला.

"छान," बाई म्हणाल्या. "मग आता मामाचं काय करू?"

मामा मला डोळ्यांनी खुणावत होता. "दंड करा," मी म्हणालो. "आणि टायर बदलल्याशिवाय सोडू नका. तार मी सकाळीच बघितली होती."

"भाचा हाय का फौजदार?" एवढंच मामा म्हणाला. बाईंनी पेढा घेतला नाही, चलन केलं. जीप तिथंच अडकली, म्हणून मामानं मला एसटीत बसवलं.

विश्रामबागेत पोचलो तेव्हा शेवटचा स्पर्धक बोलत होता. तरी मला संधी मिळाली. "तीन महिन्यांपर्यंत" म्हणताना मामाचं तोंड आठवलं आणि पुढचं सगळं विसरलो. नंबर आला नाही. परतताना एसटीत वाटलं, शंभर अनोळखी माणसांपुढं बोलणं सोपं. एका मामापुढं अवघड.

आठ दिवस मामा ना घरी आला, ना त्यानं फोन उचलला. मग एके दिवशी आई बाजारातून हसतच आली.

"स्टँडवर जाऊन बघ. मामानं चारी टायर नवं घातल्यात, पेढं वाटल्यात, आन वडापवाल्यांना गोळा करून तुझं भाषण ठोकतोय. भाच्याचं हाय म्हणून सांगतोय."

"बरोबर म्हणतोय का?"

"मला काय कळतंय? पर तीन महिन्याला कुणी भिईना, म्हणून त्यानं सहा केल्यात."