मधला तुकडा

हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतोय — नीट जमेल की नाही, माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून येऊन मी बंगलोरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात चाचणी विभागात लागलो होतो. वेल्डिंगचे थर एकावर एक चढवून पोलादाचा अख्खा जाड भाग उभा करायचा, असा आमचा खटाटोप. आता याला धातूची थ्री-डी छपाई म्हणतात. तेव्हा लोक हसायचे. थर चढवायचा मुनियप्पा अण्णा. पन्नाशीचा माणूस, पण हात असा स्थिर की बघत राहावं.

माझं काम काय? ठोकळ्याच्या कडेचा एक आणि मधला एक तुकडा कापायचा, यंत्रात ताणून तोडायचा, आकडा लिहायचा. कडेचा चांगला निघे. मधला दर वेळी लवकर तुटे. जाड ठोकळ्याच्या पोटात उष्णता कोंडते, पोलाद तिथे कमजोर होतं. दोष पद्धतीत होता, अण्णाच्या हातात नव्हे. साहेबांना हे मी लिहून दिलं — उत्तर एकच, पुन्हा करा. पुन्हा ठोकळा, पुन्हा दिवसभर करवत, पुन्हा तोच आकडा. पाच वेळा.

सहाव्या वेळी मी मधला तुकडा कापलाच नाही. कडेचेच दोन कापले आणि एकापुढे ‘मधला’ असं लिहिलं. का? कुणी धमकावलं होतं? नाही. वैतागलो होतो — एवढंच.

त्या आकड्यांवर तसाच दुसरा भाग बनला, गिऱ्हाइकाच्या पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये बसला आणि दोन महिन्यांत बरोबर मधोमध फुटला. कुणाला लागलं नाही — हे मी स्वतःला फार वेळा सांगितलंय. चौकशी झाली. माझा कागद स्वच्छ. मग दोष उरला कुणाचा?

अण्णाने सगळ्यांसमोर मला विचारलं, “सार, मधला तुकडा सरी इत्ता?” — बरोबर होता ना?

“होता,” मी म्हणालो.

त्याने मान हलवली. “मग माझाच हात चुकला असेल.” त्याला वेल्डिंगवरून काढून गोदामात टाकलं. तिथूनच तो निवृत्त झाला. तोवर रोज मला नमस्कार करायचा — आणि मी तो घ्यायचो.

पुढे एकदा राजाजीनगरात दिसला. एका दुकानाबाहेर कुणीतरी त्याला फाटकाचा तुटलेला गज जोडून द्यायला सांगत होतं. साधं काम. त्याने दोन्ही हात मागे घेतले. “माझा हात बिघडलाय,” तो म्हणाला.

मी चार पावलांवर होतो. त्याने मला पाहिलं नव्हतं. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.