उभ्यानं मॅच बघणारा

इंग्लंडमध्ये लीड्सला हॉस्पिटलमध्ये नर्स होते, तेव्हा शनिवारची शिफ्ट संपवून मी ज्या बसनं घरी यायचे ती फुटबॉल स्टेडियमवरून जायची. मॅच असली की बस गच्च भरायची. माझे पाय भरून आलेले आणि भोवती नुसता आरडाओरडा. त्या गर्दीत एक म्हातारा गोरा गृहस्थ नेहमी असायचा, मफलरची टोकं कोटात नीट खोचलेला. नाव कधी विचारलं नाही. "ऑल राइट, लव्ह?" एवढंच आमचं बोलणं; तिकडं अनोळखी बाईलाही सहज 'लव्ह' म्हणतात.

पुढं स्टेडियममधल्या उभं राहून मॅच बघायच्या पायऱ्या काढून सगळीकडे खुर्च्या बसवल्या. त्यानंतर तो भेटला तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं, आता बसून बघता येईल."

"हो, गुडघ्यांना आराम पडतो," तो म्हणाला. "पण तेव्हा गोल झाला की अख्खी गर्दी खाली लोटायची. पडणार म्हणेपर्यंत कुणीतरी धरायचं, मिठी मारायचं. ओळख ना पाळख. बायको गेल्यापासून मला माणसाचा हात लागायचा तो तिथंच."

दिवसभर मी पेशंटना उचलत, पुसत, कुशीवर वळवत होते. आता कुणाला हातही लावू नये असं वाटत होतं.

स्टेडियमचा स्टॉप आला. तो उठला तशी मीही उठले आणि त्याचा दंड धरून दारापर्यंत गेले. मागचे लोक ढकलत होते. तो मात्र अगदी सावकाश उतरला.