अर्धी साफ केलेली पन्हाळ

नोकरीच्या काळात मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एका प्रकरणात माझ्या हातून चुकीच्या माणसावर गुन्हा दाखल होता होता राहिला. ते प्रकरण मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. गंमत म्हणजे त्यात हत्यार कुठलं, तर अॅल्युमिनियमची शिडी.

तेव्हा मी कोपरगाव भागातल्या एका पोलीस ठाण्यात अधिकारी होतो. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. सकाळी साडेअकराच्या सुमारास दवाखान्यातून एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवावीच लागते अशा जखमीची, खबर आली. चौसष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक, उजवं मनगट मोडलेलं, डोक्याला मागे जखम. जखमी स्वतः सांगतो, "बाथरूममध्ये पाय घसरला." तपासणाऱ्या डॉक्टरांना ते पटलं नव्हतं. फोनवर ते म्हणाले, "साहेब, बाथरूममध्ये पडलेल्या माणसाच्या सदऱ्याच्या खिशात कडुनिंबाची पानं कशी? आणि नखांत चिखल आहे."

ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत नोंद घेत असतानाच दुसरा फोन आला. बाईचा आवाज होता, नाव सांगायला तयार नव्हती. "गुरुजींना शेजारच्या फिटरनं पाडलं. मी डोळ्यांनी बघितलं. गुरुजी शिडीवर हुते, दोघांचं भांडण चाललं हुतं. मग धाडकन आवाज झाला आन् हा शिडी खांद्यावर टाकून घराकडं पळाला." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

दोन्ही नावं आमच्या दप्तरी होती. गुरुजींच्या घराला मागे पत्र्याची पडवी होती. पत्र्याच्या कडेला पाणी वाहून नेणारी पन्हाळ. ती तुंबली की पाणी उसळून शेजारच्या भिंतीवर पडायचं. शेजारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. या पाण्यावरून दोघांनी एकमेकांविरुद्ध तीन-चार अदखलपात्र तक्रारी दिल्या होत्या. म्हणजे कारण आहे, साक्षीदार आहे आणि जखमी घाबरून खोटं बोलतोय. मला वाटलं, दुपारच्या जेवणाआधी हे काम संपेल.

फिटरना बोलावून घेतलं. उंच, हाडापेराने मजबूत गृहस्थ. अंगातल्या बनियनवर रक्ताचे डाग तसेच होते. गुरुजींना रिक्षात घालून दवाखान्यात त्यांनीच नेलं होतं. मी मनात म्हटलं, पश्चात्ताप झाला असेल.

"शिडी कुठे आहे?"

"माज्या गच्चीवर. माजीच हाय ती."

"पडलेला माणूस बाजूला ठेवून आधी शिडी लपवलीत?"

 त्यांना चहा दिला, तो निवत गेला. मी आवाज चढवला, मग उतरवला. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांचे डोळे भरून आले.

"माज्यामुळंच झालं सायेब. लिवा तुमी. मी सही करतो."

"म्हणजे ढकललंत?"

"ढकलल्यावानीच हाय की."

मी कागद पुढे ओढला. गंभीर दुखापतीचा गुन्हा, आरोपी कबूल. तेवढ्यात दाराशी उभे असलेले आमचे हवालदार पुढे आले. पोलिसात भरती होण्याआधी हे हवालदार सहा वर्षं घरं रंगवायचं काम करत होते. बोलणं कमी, पण बोलले की ऐकावं लागे.

"सायेब, लिवायच्या आधी एकदा जागा बघू या का? शिडीवरनं मानूस पडतो तवा शिडी खुणा ठिवून जाते."

खरं सांगायचं तर मला राग आला. तरीही जीप काढली. दोन पंच घेतले, फिटरच्या गच्चीवरून शिडी जप्त केली आणि गुरुजींच्या मागच्या अंगणात पोचलो.

पडवीची उंची बारा फूट असेल. पन्हाळीचा उजवा निम्मा भाग स्वच्छ, हात फिरवल्यासारखा. डावा भाग कडुनिंबाच्या पानांनी आणि काळ्या गाळाने गच्च. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर गाळाचं पाणी सांडून वाळत आलेलं. भिंतीलगत कुंड्यांची रांग. त्यातल्या मधल्या दोनच फुटलेल्या, बाजूच्या सगळ्या शाबूत.

हवालदार गुडघ्यावर बसले. फरशीवर दोन ताजे ओरखडे होते, समांतर, भिंतीपासून सरळ अंगणाकडे जाणारे. मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. चुन्यावर तसेच दोन ओरखडे, वरून खाली सरळ.

"बाजूनं धक्का दिला असता तर शिडी आडवी गेली असती, कडंच्या कुंड्या फुटल्या असत्या," ते म्हणाले. "ही शिडी पायातनं निसटलीय. बुड अंगनाकडं गेलं आन् टोक भिंत घासत खाली आलं. आता हे बघा." त्यांनी शिडी उलटी केली. एका पायाला रबराचा बूट होता, दुसऱ्याला नव्हता. तो पाय गुळगुळीत चकाकत होता.

"बारा फुटांवर टेकवायची तर बुड भिंतीपासनं तीन फूट. चाराला एक, असा आमचा हिशोब. इथं कुंड्या आडव्या आल्या. हलवायचा कंटाळा केला आसंल, म्हनून बुड पाच-सहा फूट लांब ठिवलं. त्यात फरशी वली, बूट गायब. ही पडनारच हुती."

"आणि त्या खुणा?" मी पन्हाळीच्या डाव्या बाजूला दाखवलं. गाळात चार बोटांनी ओढल्याच्या लांब रेघा होत्या, शिडी जिथे टेकली होती तिथून बरेच लांब.

"तिथवर हात पुरत न्हाई, सायेब. गुरुजी कलले. खाली उतरून शिडी सरकवायची, तर लांबूनच ओढायला गेले. समदे असंच करत्यात. एवढंच ऱ्हायलंय, म्हनत्यात."

मला अजून पुरतं पटलं नव्हतं. हवालदार म्हणाले, "मग करून बघू." शिडी त्याच ओरखड्यांवर लावली, फरशीवर बादलीभर पाणी ओतलं, मी खाली धरायला उभा राहिलो. हवालदार जेमतेम तिसऱ्या पायरीवर गेले आणि डावीकडे थोडे कलले. दोन्ही हात घट्ट असूनही शिडी माझ्या पंजांतून सुटू बघत होती. मी पाय खालच्या पायरीवर रोवला, छाती टेकवली, तेव्हा कुठे ती थांबली. दोन्ही पंच हसत होते. माझी टोपी कुंडीत पडली होती. हवालदार वरूनच म्हणाले, "सायेब, सोडू नगा हां, मला दोन पोरी हायेत लग्नाच्या."

हसलो मीही, पण डोक्यात एक प्रश्न पक्का झाला होता. ठाण्यात परत आलो आणि फिटरसमोर खुर्ची ओढून बसलो. सकाळी मी त्यांना विचारलं होतं, तुम्ही ढकललं का. आता विचारलं, "शिडी सरकली तेव्हा तुमचे हात कुठे होते?"

ते दचकले.  मग एकदम सगळं बाहेर आलं.

गुरुजींची दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. तेव्हापासून त्यांच्या पत्नीने शिडीला हात लावायची सक्त मनाई केली होती आणि घरातली शिडी देऊन टाकली होती. त्या दिवशी पत्नी एका साखरपुड्यासाठी येवल्याला गेल्या होत्या. गुरुजींनी संधी साधली. शेजाऱ्याकडे शिडी मागितली. फिटरही आले, कारण पन्हाळ साफ झाली तर त्यांचीच भिंत कोरडी राहणार होती. अर्धं काम गुण्यागोविंदाने झालं. मग गुरुजी वरून म्हणाले की दोष पन्हाळीचा नाहीच, फिटरच्या भिंतीचा आहे. शब्दाने शब्द वाढला.

"मी म्हनलो, मग धरा शिडी तुमीच. आन् हात सोडून दोन पावलं बाजूला झालो. दोनच पावलं, सायेब. मागं वळलो तर गुरुजी खाली." त्यांनी तोंडावर हात फिरवला. "ढकललं न्हाई मी. पर सोडली तर मीच ना?"

"आणि शिडी घेऊन का पळालात?"

"त्यांनीच सांगितलं. डोक्यातनं रगत चाललंय आन् म्हनत्यात, फिटर, आधी शिडी न्या, आमची ही दुपारी परत येनार हाय. शपथ घातली मला, घरात कुनाला सांगू नका म्हनून."

मी लेखणी खाली ठेवली. फोन करणाऱ्या बाईने प्रत्यक्ष पाहिलेली एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती. भांडण खरं, आवाज खरा, खांद्यावरची शिडी खरी. फक्त मधली दोन पावलं तिला दिसली नव्हती, ती तिने मनाने भरली. मीही तेच केलं होतं, आणि माझ्या हातात तर कायदा होता.

दुपारी तीनला फिटरना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी गुरुजी जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचं लिहून दिलं. खाटेशेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या, साखरपुड्याचं जरीचं लुगडं तसंच अंगावर. येवल्याहून मिळेल त्या गाडीने आल्या होत्या. मी मुद्दाम म्हटलं, "गुरुजी, आम्ही या गृहस्थांवर गुन्हा दाखल करतोय. तुम्हाला पाडल्याचा."

गुरुजी ताडकन उठू गेले आणि कळवळून परत आडवे झाले. "कुणी सांगितलं तुम्हाला? त्यांनी काही केलं नाही! मी स्वतः कललो, माझी चूक आहे, मी शिडीवरून..." इथे ते थांबले. पण शिडी हा शब्द तोंडातून निघून गेला होता.

बाईंनी हळूच विचारलं, "बाथरूममध्ये शिडी होती का?"

 डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. फिटर पुढे झाले, हात जोडले. "वैनी, मी धरली हुती. मग रागानं सोडली. काय शिक्षा द्यायची ती द्या."

बाई उठल्या. मला वाटलं, आता इथेच एक नवीन प्रकरण घडतंय. पण त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "भाऊजी, आज तुम्ही नसता तर हे तिथेच पडून राहिले असते. यांना उचलून आणलंत, तेवढं पुरे. आणि तुम्ही," त्या गुरुजींकडे वळल्या, "चाळीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलंत ना?" गुरुजींनी डोळे मिटून घेतले. झोपेचं सोंग इतकं वाईट करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

जबाब झाले, अपघात म्हणून कागद बंद झाला. त्या रविवारी आमच्या हवालदारांनी सुट्टीत जाऊन उरलेली पन्हाळ साफ केली. आधी सगळ्या कुंड्या हलवल्या. फरशी पुसून कोरडी केली, शिडीला नवे रबरी बूट घातले. बादली दोरीने वर घेतली, म्हणजे एक हात कायम शिडीवर. दर तीन फुटांना खाली उतरून शिडी सरकवली. फिटर खाली पाय रोवून उभे होते. गुरुजी प्लास्टर बांधलेला हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसले होते, आणि त्यांना बोलायची मनाई होती.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. "माझ्यामुळे झालं" असं कोणी म्हणालं की लेखणी उचलायची नाही. आधी विचारायचं, तू नेमकं काय केलंस, हात कुठे होते, पाय कुठे होते. अपराधी वाटणं आणि अपराध करणं यांत कधी कधी दोन पावलांचं अंतर असतं, आणि ते मोजणं हेच आमचं काम. त्या अंतरामुळे पुढे आणखी एक-दोघं कोठडीपासून वाचले.

आता मी नगरला राहतो. माझ्याही घराला पत्र्याची शेड आहे, तिला पन्हाळ आहे. गेल्या मे महिन्यात शेजारचे निवृत्त सुभेदार शिडी धरायला आले. मी सातव्या पायरीवर होतो, तेवढ्यात ते खालून म्हणाले, "साहेब, तुमच्या आंब्याची फांदी आमच्या बाजूला फार आली आहे, एकदा बोलायचं होतं त्याबद्दल."

मी जागच्या जागी थांबलो. दोन्ही हातांनी शिडी पकडली. "सुभेदारसाहेब," मी म्हणालो, "पाहिजे तेवढं भांडू. अख्खी फांदी तोडून देतो. पण आधी मला खाली येऊ द्या."