प्रल्हादची व्हॉल्व्हची पेटी

जळकी मोटार दुकानात कधी एकटी येत नाही, सोबत किस्सा घेऊन येते. ज्याचा लूम, म्हणजे कापडाचा माग, बंद पडला तो बाकड्यावर बसतो, चहा पितो आणि मोटार होईस्तोवर तोंड चालवतो. मोटार जाते, किस्सा राहतो. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या आमच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात इतके किस्से साठलेत की वार्निशच्या डब्यांना जागा उरली नाही! पण कोणी पाहुणा "आक्का, सांगा ना काहीतरी" म्हणाला, की मी दरवेळी त्या एकाच पेटीवर येते. मी सुरू झाले की आमचे हे, साहेबराव, चप्पल घालून बाहेर निघून जातात. त्यांचाही किस्सा त्यात आहे ना!

*

मोबाईल नव्हते, एस.टी.डी. बूथवर रांगा लागायच्या, तेव्हाची गोष्ट. प्रल्हाद आमच्या धुळ्याकडचा. एरवी लूमवर, आणि लग्नसराईत, सणावारात नथुभाऊच्या बँड पार्टीत गिटार वाजवायचा. गिटारचा आवाज मोठा करायची त्याची पेटी जळाली. आणली माझ्याकडे. मी नुसता वास घेतला आणि सांगितलं, "प्रल्हाद, हिची राख तापीत सोड."

तो हसला नाही. मग कळलं का ते. नथुभाऊने त्याला सांगून टाकलं होतं, "यंदा कानबाईच्या मिरवणुकीला की-बोर्डवाला आणतोय. एका की-बोर्डात गिटार, सनई, बासरी सगळं येतं! तुझी गिटार म्हणजे डब्यात कोंडलेला डास. तू आपला लूमवरच बरा."

कानबाई म्हणजे आम्हा खानदेशी लोकांची आई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात बसते आणि सोमवारी आम्ही तिला वाजतगाजत नदीवर पोचवतो. त्या मिरवणुकीतून ज्याचं वाद्य उतरलं, त्याला पुढच्या लग्नसराईत कोण विचारतो?

प्रल्हाद बाकड्यावर बसून म्हणाला, "आक्का, लूमवर माझे हात शेठचे असतात. बँडच्या हातगाडीवर उभा राहतो, तेवढाच वेळ ते माझे."

मी म्हटलं, "रडू नकोस. दुसरी पेटी शोध. मी बोलती करते!"

*

त्याने शोधली! कुठे? तर भंगारवाल्याच्या बुडाखाली!

कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राची जुनी विलायती पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह, आपल्या जुन्या मोठ्या रेडिओत असायचे तसे. भंगारवाला रोज तिच्यावर बसून डबा खायचा. प्रल्हादने मागितली तर तो गुजरातीत म्हणतो, "पछी हुं बेसुं क्यां?" म्हणजे, मग मी बसू कुठे?

प्रल्हाद घरी गेला, लाकडी स्टूल उचललं, त्याला दिलं आणि पेटी डोक्यावर घेऊन आला.

संध्याकाळी त्याची बायको माझ्या दारात. "आक्का, घरात चोर शिरला! टीव्ही ठेवला, भांडी ठेवली, स्टूल घेऊन गेला!"

*

पेटीची मागची फळी काढली आणि दुकानात उजेड पडला. खोटं नाही सांगत, आत सोन्यासारखं लखलखत होतं! बाहेरून शेण लावल्यासारखी कळा आणि आत ही झगमग! साहेबराव दोन पावलं मागे सरकले.

उंदराचं घरटं होतं. पण चिंध्यांचं, कागदाचं नाही. सगळं जरीचं! रुपेरी, सोनेरी, मऊ गुंडाळलेलं. कुठल्या तरी जरीच्या कारखान्याशेजारी पडली असेल पेटी. ती जर तारांना चिकटली, शॉर्ट सर्किट झालं आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा झाला.

मी मुठीत ती जर धरून सगळ्यांना दाखवली. "बघा, बघा! सुरतेचा उंदीर! जरीशिवाय अंग टाकत नाही!"

तेवढ्यात नथुभाऊ रस्त्यावरून चालला होता. डोकावून म्हणाला, "आक्का, यात उंदीर गात होता तेवढाच. आता तोही गेला."

माझं डोकं फिरलं! भर रस्त्यात ओरडले, "ऐक रे नथ्या! कानबाईच्या मिरवणुकीत ही पेटी बोलली नाही, तर दुकानाची पाटी काढीन आणि कानबाईबरोबर तापीत सोडीन! पाटीवर माझं नाव आहे, तुझं नाही!"

साहेबराव हळूच म्हणाले, "पाटी मागच्याच महिन्यात रंगवली आहे."

*

ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळायचा म्हणजे आधी जुनी तार उलगडायची आणि वेढे मोजायचे. वेढे चुकले तर सगळंच चुकलं. मी तार ओढते, साहेबराव हँडल फिरवतात आणि शंभर वेढे झाले की ताटलीत एक शेंगदाणा टाकतात. आमची ही जुनी रीत. पाटी-पेन्सिल शोधत बसायला हात मोकळे कुठे असतात?

तार केसासारखी बारीक. प्रल्हाद समोर बसलेला, जीव टांगणीला, डोळे माझ्या बोटांवर.

शेवटचा वेढा सुटला. घाम पुसला. म्हटलं, "हं, मोजा दाणे."

साहेबरावांनी ताटली पाहिली. ताटली कोरी!

प्रल्हादचं तोंड चालू होतं. मी त्याच्याकडे बघितल्यावर ते थांबलं.

"आक्का... टेन्शनमध्ये कळलंच नाही..."

"अरे मुडद्या, तू दाणे नाही खाल्लेस! तू माझे वेढे खाल्लेस!"

नशीब, जुनी तार फेकली नव्हती. ती पुन्हा सगळी गुंडाळत मोजली. या वेळी ताटलीत टाकायला मी सुक्या लाल मिरच्या घेतल्या. प्रल्हादसमोर ताटली सरकवून म्हटलं, "खा बाबा, टेन्शन आलं तर!"

*

नवी तार भरली, वार्निश वाळलं, ट्रान्सफॉर्मर बसला. अर्धी गल्ली दुकानात. मी देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

काही नाही.

बंद केलं. तारा तपासल्या. पुन्हा दाबलं. काही नाही! पुन्हा बंद. प्रल्हाद स्क्रू काढतोय, मी लावतेय, तो परत काढतोय. मोटारीचं कसं असतं, करंट दिला की फिरली, नाही फिरली तर मेली. मधलं काही नसतं! नथुभाऊने दारातून विचारलं, "काय वं आक्का, पेटी मरी गयी का?" मी पाना फेकून मारला. लागला नाही याचं आजही दुःख आहे.

शेवटी बूथवरून फोन करून रांदेरच्या गफूरचाचांना बोलावलं. व्हॉल्व्हच्या रेडिओंची कामं केलेला म्हातारा माणूस. सायकलवर आले. आमच्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट त्यांना सोसत नाही, म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे. म्हणाले, "चालू करा."

केलं. काही नाही. मी बटणाकडे हात नेला, तर चाचांनी चष्म्याच्या डबीने माझ्या हातावर फटका मारला! माझ्या! "हात मत लगाओ, बेन. चाय मंगाओ."

चहा आला. एक घोट, दोन घोट. मी आतून उकळतेय. आणि आत काचेत लालसर दिसायला लागलं, चुलीत निखारा फुलतो तसं! प्रल्हादने भीत भीत तारेवर बोट टेकवलं...

बाई गं! काय तो आवाज! जाड, ऊबदार, छातीत घुसणारा! माझ्या हातातला ग्लास खाली. प्रल्हाद रडतोय, हसतोय, वाजवतोय!

चाचा चहा संपवत म्हणाले, "बूढ़ा है, बेन. देर से जागता है, देर से सोता है."

मी म्हटलं, "असा एक आमच्या घरात आहेच, दुसरा कशाला आणला!"

*

पेढे वाटले मी. गल्लीभर! पाटीला हार घातला!

आणि लूमच्या सुटीचा दिवस उजाडला. आठवड्यातून एक दिवस गल्लीतले सगळे लूम बंद. टाचणी पडली तरी कळते. प्रल्हाद ऐटीत आला, पेटी चालू केली, आणि "घूंऽऽऽऽ!" गिटारला हात लावायच्या आत! असा घूं, की समोरच्या जिजाबाई काठी घेऊन आल्या. "आक्का, तुमच्या पत्र्याखाली भुंग्यांनी पोळं केलं का?"

म्हणजे हा घूं पहिल्या दिवसापासून होता! पण बाहेर लूम चालू, आम्हाला कोणालाच ऐकू आला नाही. आमचे कान म्हणजे काय, घरातही आम्ही ओरडूनच बोलतो. लूम चालू असताना आवाजाची पेटी दुरुस्त केली, म्हणजे अंधारात मेंदीच काढली की!

पुन्हा चाचांना बोलावलं. मी भांडायच्या तयारीत. "चाचा, तुम्हाला तरी ऐकू यायला हवा होता!"

चाचांनी शांतपणे दोन्ही कानांतले बोळे काढले. पेटीकडे कान केला.

"हां," म्हणाले, "अब सुनाई दिया."

*

आत कंडेन्सर खराब झाले होते. ते बदलेपर्यंत पेटी उघडी. आता साहेबरावांचा किस्सा.

हे माझे मालक इतके शांत, की लग्नात माझ्या वडिलांना वाटलं मुलगा मुका दिला. त्या दिवशी चाचा हात धुवायला गेले. जाताना सांगून गेले, "कोई हाथ मत डालना." साहेबरावांनी पाहिलं, पेटीची पिन बोर्डातून काढलेली आहे. पिन त्यांच्याच हातात आहे. मग भीती कसली? आत पडलेला स्क्रू घ्यायला त्यांनी दुसरा हात घातला.

असा आवाज फुटला! लूम चालू असताना कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेला! गल्ली धावत आली. हे जमिनीवर बसलेले, हातात पिन उंच धरून सगळ्यांना दाखवतायत, "पिन माझ्याकडे! पिन माझ्याकडे! तरी चावली!"

चाचा आले, कपाळावर हात मारला, "कहा था ना, देर से सोता है," म्हणाले, स्क्रूड्रायव्हर टेकवून कंडेन्सरात साठून राहिलेला करंट एका ठिणगीत काढला आणि कामाला लागले.

त्या दिवसापासून साहेबराव पेटीशी अदबीने वागतात. "त्यांना जरा सरकवा." "त्यांच्यावर डबा ठेवू नका."

इतकी वर्षं संसार केला. मला कधी अहो-जाहो केलं नाही!

*

कानबाईचा सोमवार. चौरंगावर आई बसलेली, हिरवी साडी, नथ, गजरे. बाया फुगड्या घालतायत. बँडच्या हातगाडीवर एका बाजूला प्रल्हाद आणि पेटी, दुसऱ्या बाजूला नथुभाऊने आणलेला की-बोर्डवाला सुधाकर. मिशीवाला, गॉगल लावलेला, दोन पोरांचा बाप. मागे जनरेटर धडधडतोय.

नथुभाऊ मला म्हणाला, "दोघं वाजवतील. मोठ्या रस्त्यापर्यंत बघू कोण टिकतो ते. तिथे एक उतरणार." आणि शर्टाच्या खिशातून पकड काढून दाखवली. माझी पाटी खोलायला घरून आणली होती!

वाजवलं दोघांनी. खरं सांगते, की-बोर्डही दमदार होता. सनई काय, ढोल काय, घोड्याच्या टापासुद्धा काढल्या पठ्ठ्याने! लोक त्याच्या बाजूला सरकायला लागले. प्रल्हादने डोळे मिटले आणि वाजवत राहिला. मी हातगाडीला धरून चालतेय, खड्डा आला की पेटीला छातीशी धरतेय, नथुभाऊकडे बघत नाहीय.

मोठा रस्ता आला. तिथून आईला टेम्पोत बसवून तापीवर न्यायचं. जिजाबाईंनी चौरंग डोक्यावर घेतला. बायांनी निरोपाचं गाणं धरलं, सुधाकर आणि प्रल्हाद दोघंही त्या चालीवर आले. चौरंग टेम्पोच्या फळीपर्यंत उचलला...

आणि जनरेटर खोकला. धड... धड... गप्प!

की-बोर्ड मधल्या सुरात तुटला. माईक मेला. बायांचं गाणं थांबलं. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. सगळा रस्ता चिडीचूप.

प्रल्हादचे डोळे मिटलेले. त्याला पत्ताच नाही. तो वाजवतोय.

आणि पेटी बोलतेय!

निरोपाच्या गाण्याची शेवटची ओळ. एकटी. स्वच्छ. आई टेम्पोत टेकली, आणि सूर हळूहळू बारीक होत गेला, लांब, आणखी लांब, जसं कोणी मागे वळून न बघता निघून जावं.

जिजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "माय चालनी वं! माय चालनी!" सगळ्या बाया रडायला लागल्या.

नथुभाऊ जनरेटरजवळ उभा. त्याने जनरेटरवर हात ठेवला. मग पेटीकडे बघितलं. "जनरेटर ते बंद शे," तो म्हणाला, "मंग हाई कोन वाजाडी राह्यनं?"

मला चाचांचं "देर से सोता है" आठवलं, पण ते मी पोटातच ठेवलं. साहेबरावांनी फक्त पेटीला हात जोडले.

नथुभाऊने चपला काढल्या, पकड माझ्या हातात दिली आणि पेटीपुढे नारळ फोडला. "प्रल्हाद, तू या गाडीवरून उतरायचं नाही. कधीच नाही!"

ती पकड अजून माझ्या दुकानात आहे. चांगली आहे, धार गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते, तर दारात सुधाकर. अंघोळ केलेला, कपाळाला कुंकू, गॉगल काढलेला. एका हातात नारळ, आणि काखेत नव्या चादरीत गुंडाळलेला की-बोर्ड.

इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "आक्का, यात बसवून मिळेल का आई?"